शेतीचा सामायिक डेटा: यंत्रांना निधी मिळतो, नोंदी ठेवणाऱ्या माणसांचे काय?

आपल्या महसूल मंडळातले स्वयंचलित हवामान केंद्र नेमके कुठे उभे आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना माहीत नसते. पण तुमची द्राक्षे, डाळिंब किंवा केळी हवामान आधारित फळपीक विमा योजनेत असतील, तर भरपाई ठरवताना तुमच्या बागेत किती पाऊस पडला हे पाहिले जात नाही. त्या केंद्राने किती पाऊस नोंदला, किती तापमान नोंदले, हे पाहिले जाते. केंद्राशेजारचे झाड मोठे होऊन सावली पडू लागली असेल, पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला असेल किंवा सेन्सर चार दिवस बंद असेल, तर बागेतले नुकसान खरे असूनही ते कागदावर येत नाही.

शेतकरी मित्रांनो, गेल्या दोन वर्षांत शेतीच्या डेटासाठी केंद्र आणि राज्य सरकारांनी मोठमोठ्या रकमा जाहीर केल्या. डिजिटल कृषी अभियान, मिशन मौसम, पीक विम्यासाठीचा तंत्रज्ञान निधी, महाराष्ट्राचे महाअॅग्री-एआय धोरण अशी नावे तुम्ही बातम्यांत वाचली असतील. हा पैसा नेमका कशासाठी आहे, तो कुठे अडतो आणि त्याचा तुमच्या शेताशी काय संबंध आहे, हे या लेखात पाहू.

आधी एक शब्द स्पष्ट करू: इथे अनुदान म्हणजे काय?

अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठिबक, शेततळे किंवा ट्रॅक्टर येतो. इथे अर्थ वेगळा आहे. संशोधन संस्था, कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्र यांना एखाद्या कामासाठी ठरावीक मुदतीत मिळणारा सरकारी निधी, असा तो अर्थ आहे. तो कोणा एका शेतकऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. त्यातून जे उभे राहते ते सर्वांनी मिळून वापरायचे असते.

शेतीच्या सामायिक डेटा सुविधेत पुढील गोष्टी येतात:

- हवामान केंद्रांचे जाळे आणि त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी
- माती परीक्षणाचे निकाल आणि त्यांवरून तयार होणारे मृद नकाशे
- कीड-रोग सर्वेक्षणाची दर आठवड्याची आकडेवारी
- कृषी विद्यापीठांतील प्रयोगांच्या नोंदी
- पिकांच्या वाणांचे जननद्रव्य आणि त्याची माहिती
- पीक पाहणी आणि पीक कापणी प्रयोगांची आकडेवारी

यांतली एकटी नोंद फारशी उपयोगाची नसते. तुमची मृदा आरोग्य पत्रिका तुम्हाला तुमच्या गटापुरते सांगते. पण तालुक्यातील हजार पत्रिका ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह एकत्र आल्या, तर कोणत्या पट्ट्यात जस्त कमी आहे आणि कुठे सेंद्रिय कर्ब घसरतो आहे हे दिसू लागते. मात्र नमुना कुठून घेतला याची नोंद चुकली, तर ती हजार कागदांची रद्दी होते.

सध्या किती आणि कशासाठी निधी आहे?

गेल्या काही वर्षांतील प्रमुख मंजुऱ्या अशा:

- डिजिटल कृषी अभियान: केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. एकूण खर्च २,८१७ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा १,९४० कोटी. यात अॅग्रीस्टॅक, म्हणजे शेतकरी नोंदणी, गावनकाशे आणि पेरणीची नोंद येते. त्याशिवाय कृषी निर्णय साहाय्य प्रणाली आणि मृद नकाशे आहेत. देशातील सुमारे १४.२ कोटी हेक्टर शेतजमिनीचे १:१०,००० प्रमाणावर सविस्तर मृद नकाशे करायचे ठरले. मंजुरीच्या वेळी त्यातले सुमारे २.९ कोटी हेक्टरचे काम झाले होते.
- मिशन मौसम: ११ सप्टेंबर २०२४ रोजी मंजूर. दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये. रडार, निरीक्षण यंत्रणा आणि संगणकीय क्षमता वाढवण्यावर भर.
- पीक विम्यासाठी नवोन्मेष व तंत्रज्ञान निधी: १ जानेवारी २०२५ रोजी मंजूर. ८२४.७७ कोटी रुपये. यातून तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे आणि ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याचा ‘विंड्स’ उपक्रम चालतो. उपग्रहाच्या मदतीने उत्पादनाचा अंदाज घेणारा ‘यस-टेक’ उपक्रमही यातच आहे.
- दुसरी राष्ट्रीय जीन बँक: २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषणा. क्षमता १० लाख जननद्रव्य नमुन्यांची.
- महाअॅग्री-एआय धोरण २०२५-२९: राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. त्यात शेतीच्या डेटाची देवाणघेवाण करणारी सामायिक व्यवस्था उभारण्याचा समावेश आहे.

आकडे मोठे आहेत. पण प्रत्येक मंजुरीपुढे मुदत आहे: दोन वर्षे, तीन वर्षे, योजना संपेपर्यंत. खरी अडचण तिथे सुरू होते.

यंत्र एकदा घेतले जाते, नोंद रोज घ्यावी लागते

पाटाच्या पाण्याचा अनुभव तुम्हाला आहे. धरण आणि कालवा बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होते. पुढच्या दहा वर्षांत चारीतला गाळ काढायला आणि पाळी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याच्या पगाराला पैसे नसतात. धरण भरलेले असते, तरी टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही.

डेटाचे तसेच आहे. हवामान केंद्र बसवणे हा एकदाचा खर्च. त्यानंतर सेन्सरची तपासणी, बॅटरी आणि सौर पॅनेलची देखभाल, सिमकार्डचे बिल, जागेची साफसफाई, आलेल्या नोंदींतील चुका शोधणे आणि त्यावरून तुमच्या पिकाला लागू पडेल असा सल्ला तयार करणे, हा दरवर्षीचा खर्च. अनुदानाच्या प्रस्तावात पहिला खर्च दाखवणे सोपे असते, कारण त्याचा फोटो काढता येतो. दुसऱ्या खर्चात दाखवण्यासारखे काही नसते.

जिल्हा कृषी हवामान केंद्रांचे काय झाले?

याचे अलीकडचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘ग्रामीण कृषी मौसम सेवा’ या योजनेत कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांतील १३० विभागीय केंद्रांमार्फत हवामान सल्ला दिला जात होता. एक केंद्र अनेक जिल्हे सांभाळत असल्याने सल्ला मोघम राहायचा. म्हणून २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू करण्यात आली. देशभर अशी १९९ केंद्रे उभी राहिली. पुढे ती ५३० पर्यंत नेण्याची योजना होती.

या केंद्रांत कृषी हवामानाचा विषय तज्ज्ञ आणि निरीक्षक असायचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तालुक्याचा हवामान अंदाज घेऊन, त्या तालुक्यात सध्या कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून, स्थानिक भाषेत सल्ला तयार व्हायचा. ‘पुढील चार दिवसांत पाऊस संभवतो, फवारणी पुढे ढकला’ किंवा ‘काढणी केलेले सोयाबीन झाकून ठेवा’ असा निरोप व्हॉट्सअॅपवर तुमच्यापर्यंत येत असेल, तर त्यामागे बऱ्याचदा हीच माणसे होती.

मार्च २०२४ मध्ये ही १९९ केंद्रे बंद झाली. कर्मचारी कंत्राटी होते आणि निधी योजनेपुरता होता. तो थांबला तशी पदेही गेली. हवामानाच्या नोंदी आता आपोआप गोळा होतात, मग जिल्ह्यात माणसे कशाला, असा एक विचार या निर्णयामागे असल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या.

या विचारातली चूक समजून घ्या. पाऊस किती पडला हे यंत्र सांगते. पण तुमच्या तालुक्यातला हरभरा फुलोऱ्यात आहे की घाटे भरण्याच्या अवस्थेत, अवकाळीचा अंदाज असताना कांदा काढायचा की थांबायचा, हे ठरवायला स्थानिक पीक पाहिलेला माणूस लागतो. आकडा आणि सल्ला यांच्यामध्ये जे अंतर असते, ते हे कर्मचारी भरून काढत होते.

सहा महिन्यांनी मिशन मौसमसाठी २,००० कोटी मंजूर झाले. रडार आणि चांगला अंदाज देशाला हवाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पैसा कमी पडला म्हणून जिल्हा केंद्रे बंद झाली, असे म्हणणे यानंतर कठीण होते. यंत्रणा उभारण्यासाठी निधीचा मार्ग होता. ती वापरून शेतकऱ्याशी बोलणाऱ्या माणसांसाठी कायमस्वरूपी मार्ग नव्हता.

टिकलेल्या कामांकडे पाहा

हे सगळे अशक्य नाही. आपल्या देशातच पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेली डेटा व्यवस्था आहे.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. एकाच प्लॉटवर वर्षानुवर्षे तीच खतमात्रा द्यायची आणि दरवर्षी उत्पादन व माती मोजायची, असा हा साधा प्रयोग. महाराष्ट्रात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात त्याचे केंद्र आहे. नुसते नत्र देत राहिल्यास सुरुवातीला पीक चांगले दिसते, पण काही वर्षांनी उत्पादन घसरते. संतुलित नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत दिल्यास उत्पादन टिकून राहते. आज तुम्हाला हे साधे वाटेल. पण तीन वर्षांच्या प्रकल्पातून हे कधीच सिद्ध झाले नसते. नुसत्या युरियावरचे पीक तिसऱ्या वर्षीही हिरवे दिसू शकते.

हे काम टिकण्यामागे निधीची पद्धत आहे. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत साधारणपणे ७५ टक्के खर्च परिषद करते आणि २५ टक्के राज्य कृषी विद्यापीठ करते. पदे विद्यापीठाच्या रचनेत असतात. मात्र तिथेही पदे रिक्त राहिली की हीच अडचण समोर येते.

इंग्लंडमधील रोथमस्टेड येथे गव्हाचा ब्रॉडबाल्क प्रयोग १८४३ पासून चालू आहे. प्रयोग सुरू करणाऱ्या जॉन लॉज यांनी १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी बाजूला काढला. नंतरच्या काळात सरकारी निधीची जोड मिळाली. तिथे माती आणि पिकांचे तीन लाखांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत. शंभर वर्षांपूर्वीची माती काढून आज नव्या पद्धतीने तपासता येते, ती या तजविजीमुळे.

आणखी जवळचे उदाहरण क्रॉपसॅपचे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात स्पोडोप्टेरा आणि इतर पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनचा फडशा पाडला. प्रादुर्भाव वाढतो आहे हे वेळेत कळवणारी व्यवस्था नव्हती. त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून त्याला निधी मिळाला. कृषी खाते, कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्था त्यात एकत्र आल्या. ठरलेल्या शेतांत जाऊन कीड मोजायची, आकडे संगणकावर भरायचे आणि आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली त्या गावांना सल्ला द्यायचा, अशी ही पद्धत. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी ‘कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग’ ही पातळी तुम्ही ऐकली असेल. अशा पातळ्या शेतातल्या मोजणीवरूनच ठरतात आणि शेतातल्या मोजणीशिवाय त्या वापरताही येत नाहीत.

क्रॉपसॅपचा कणा म्हणजे शेतात जाणारा माणूस. मोबाईल अॅप बदलले, संकेतस्थळ बदलले, तरी कपाशीची बोंडे फोडून अळी पाहणारा कोणी नसेल तर अॅपमध्ये भरायला काही उरत नाही.

जर्मनीने काय केले?

जर्मनीत हाच प्रश्न सर्व विषयांच्या संशोधनात होता. प्रकल्प संपला की डेटा कोणाच्या तरी संगणकात पडून राहायचा. २०१८ मध्ये तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी करार करून राष्ट्रीय संशोधन डेटा सुविधा उभारायचे ठरवले. २०२८ पर्यंत दरवर्षी नऊ कोटी युरोपर्यंत निधी ठेवला. केंद्राचा वाटा ९० टक्के, राज्यांचा १० टक्के. विषयवार २६ गट निवडले गेले. शेतीसाठीचा ‘फेअरअॅग्रो’ हा गट २०२३ पासून काम करतो.

आपल्यासाठी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, हा पैसा मुख्यतः माणसांवर खर्च होतो. डेटा नीट नोंदवायला शिकवणारे, एका संस्थेची आकडेवारी दुसरीला वाचता येईल असे नमुने ठरवणारे आणि संशोधकांना मदत करणारे तज्ज्ञ त्यातून नेमले जातात. दुसरी, डेटा सापडावा, मिळावा, एकमेकांशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही कसोटी त्यांनी सुरुवातीलाच ठेवली.

मर्यादा तिथेही आहे. तो निधीही मुदतीचा असल्याने पुढे काय हा प्रश्न तिथल्या संशोधकांनाही पडतो. म्हणजे श्रीमंत देशातही देखभालीचा खर्च आपोआप मिळत नाही, मागावा लागतो.

डेटा भाड्याने घेण्याचा नवा मार्ग

विंड्स उपक्रमात केंद्राने वेगळा मार्ग घेतला आहे. केंद्रे सरकारने विकत घेऊन सांभाळायची नाहीत. ती खासगी यंत्रणेने उभारायची आणि केंद्र व राज्य सरकारांनी फक्त डेटाचे भाडे द्यायचे. राज्यांवरचा भार कमी व्हावा म्हणून केंद्र-राज्य वाटा ९०:१० ठेवण्यात आला. केंद्रांची घनता सध्याच्या पाचपट करण्याचे उद्दिष्ट आहे.

महाराष्ट्राला या पद्धतीचा अनुभव आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून सार्वजनिक-खासगी भागीदारीतून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत हवामान केंद्रे उभी राहिली. सरकारी गतीने इतक्या लवकर एवढे जाळे उभे राहणे कठीण होते, हा त्याचा फायदा.

भाडे पद्धतीचा आणखी एक गुण आहे. नोंद आली तरच पैसे, अशी अट असल्यास केंद्र चालू ठेवणे कंपनीच्या हिताचे होते. पण तीन प्रश्न करारातच सुटले पाहिजेत:

1. गुणवत्ता कोण तपासणार? नोंद येणे आणि नोंद बरोबर असणे वेगळे. बिघडलेला सेन्सरही आकडा पाठवतच असतो. तपासणी त्रयस्थ यंत्रणेने करावी आणि अहवाल जाहीर व्हावा.
2. करार संपल्यावर जुन्या नोंदी कोणाच्या? दहा वर्षांच्या पावसाच्या नोंदी सरकारकडे कायम राहिल्या पाहिजेत. कंपनी बदलली म्हणून मंडळाचा हवामान इतिहास हरवता कामा नये.
3. शेतकऱ्याला त्या पाहता येतील का? तुमच्या विम्याचा दावा ज्या आकड्यावर ठरतो, तो मोबाईलवर दिसलाच पाहिजे, तोही त्याच दिवशी.

यस-टेकमध्ये उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के भार आहे. उपग्रहावरून केलेला अंदाज बरोबर की चूक, हे जमिनीवरच्या कापणी प्रयोगांशी ताडूनच कळते. प्रयोग घाईत उरकले, तर चुकीच्या आकड्यावर शिकलेला संगणक चुकीचाच अंदाज देईल.

डेटा दिला, तर अधिकारही हवा

महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला. ई-पीक पाहणीत तुम्ही २०२१ पासून पेरणीची नोंद स्वतः करता. म्हणजे या राष्ट्रीय डेटा सुविधेला सर्वांत मोठे योगदान शेतकऱ्याचेच आहे, तेही विनामोबदला.

हवामान, माती, कीड यांची सामूहिक आकडेवारी खुली असावी. सार्वजनिक पैशातून तयार झालेली, गोपनीय नसलेली माहिती लोकांना मिळावी, असे २०१२ चे राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण धोरण सांगते. जीवशास्त्रीय संशोधनात हे घडतेही आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी निधीतून तयार झालेला डेटा सामायिक करण्याची चौकट आहे आणि तो साठवण्यासाठी फरिदाबाद येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय जैविक डेटा केंद्र सुरू झाले.

मात्र तुमचे नाव, गट क्रमांक, कर्ज, पीक आणि मोबाईल क्रमांक एकत्र जोडलेली माहिती वैयक्तिक आहे. ती खते-बियाणे विक्रेते किंवा कर्ज देणाऱ्या कंपन्यांपर्यंत जाण्याआधी तुमची संमती हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळाचा पाऊस सर्वांचा आहे, तुमचा सातबारा तुमचा आहे. ही सीमारेषा राज्याच्या नव्या डेटा देवाणघेवाण व्यवस्थेत स्पष्ट असली पाहिजे.

निधी देताना काय बदलावे?

- प्रत्येक मंजुरीत देखभाल आणि मनुष्यबळ यांचा खर्च यंत्रखरेदीपासून वेगळा दाखवावा. योजनेची मुदत संपल्यानंतर तो कोण उचलणार, हे मंजुरीच्या वेळीच लिहावे.
- जिल्हा पातळीवरील कृषी हवामान तज्ज्ञ आणि कीड सर्वेक्षक ही पदे प्रकल्पापुरती न ठेवता कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी खात्याच्या रचनेत आणावीत.
- केंद्रे किती बसवली यावर यश मोजू नये. वर्षातील किती दिवस बिनचूक नोंद मिळाली, हे मोजावे.
- सरकारी निधीतून झालेल्या शेती प्रयोगांचा डेटा ठरावीक मुदतीत सामायिक साठ्यात जमा करणे ही अनुदानाची अट असावी.
- विद्यापीठांतील जुन्या कागदी नोंदी संगणकावर आणण्यासाठी वेगळा निधी द्यावा. कपाटात वाळवी लागलेली चाळीस वर्षांची पावसाची वही नव्या रडारवरून परत मिळवता येत नाही.

तुम्ही आजपासून काय करू शकता?

1. मंडळाचे हवामान केंद्र पाहून या. पर्जन्यमापक उघड्यावर असावा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर तो असला पाहिजे. गवत, सावली, तुटलेले कुंपण दिसल्यास तारखेसह फोटो काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तक्रारीची पोच घ्या.
2. स्वतःचा पर्जन्यमापक ठेवा. साधा पर्जन्यमापकही चालतो. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहा. तुमच्या नोंदीवर विमा मिळणार नाही. पण केंद्राचा आकडा वारंवार वेगळा येत असेल, तर तक्रारीला आधार मिळतो. गावात पाच-सहा जणांनी मिळून हे केल्यास अधिक चांगले.
3. ई-पीक पाहणी वेळेत आणि खरी भरा. आंतरपीक असेल तर तेही नोंदवा.
4. मातीचा नमुना योग्य पद्धतीने आणि योग्य गटातून द्या. बांधावरची, शेणखताच्या ढिगाजवळची किंवा झाडाखालची माती देऊ नका. तिच्यावरून निघणारा सल्लाही चुकतो आणि नकाशाही.
5. कीड सर्वेक्षणासाठी कोणी शेतात आले तर सहकार्य करा आणि गावाचा सल्ला कधी मिळतो ते विचारा.
6. कृषी विज्ञान केंद्राच्या मेळाव्यात एक प्रश्न नक्की विचारा: आमच्या तालुक्याचा हवामान सल्ला सध्या कोण तयार करतो? शेतकरी उत्पादक कंपनी किंवा ग्रामसभेचा ठराव करून हीच मागणी लोकप्रतिनिधींकडे पाठवता येते.
7. संमती वाचूनच द्या. एखादे अॅप शेतकरी ओळख क्रमांक मागत असेल, तर तो कशासाठी आणि पुढे कोणाला दिला जाणार, हे आधी पाहा.

नव्या हंगामात पुन्हा नवी अॅप येतील, नवे आकडे जाहीर होतील. त्या प्रत्येक घोषणेला एक साधी कसोटी लावा: पाच वर्षांनी या यंत्राची नोंद कोण तपासणार आणि त्याचा पगार कुठून येणार? उत्तर मंजुरीच्या कागदावर असेल, तर ती सुविधा तुमच्या शेतापर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे. उत्तर नसेल, तर ते विचारण्याची वेळ यंत्र बसवण्याआधीची आहे.